हात लावून शिकलेले शब्द

"हाउस," लेना म्हणाली, आणि सुमित्राबाईंच्या हातातला डाव कालवणातच थांबला.

रविवारचं दुपारचं जेवण चाललं होतं. हितेश बायकोशी जर्मनमध्ये हळू आवाजात बोलत होता. त्यात 'फरकाउफेन' आलं. मग 'मोंटाग'. मग त्याने आईकडे चोरटी नजर टाकली आणि मान हलवून लेनाला गप्प केलं.

घर. विकणे. सोमवार.

"आई, वाढतेस ना?"

"वाढते ना. बोला तुमी. मना काय समजतं त्यातला!"

त्यांनी दोघांच्या ताटात कोलंबी वाढली.

हितेश त्यांचा एकुलता एक मुलगा. दहा वर्षं जर्मनीत काढून गणपतीच्या आधी बायकोला घेऊन जुईनगरला आला होता. रबाळ्याच्या एका कंपनीत वर्षभराचं काम होतं. लेना मराठीत बोले ते 'नमस्कार' आणि 'धन्यवाद', एवढंच. नवराबायको दिवसभर सुमित्राबाईंच्या डोक्यावरून बोलत.

परक्या भाषेची त्यांना जुनी धास्ती होती. स्टेशन नव्हतं, तिथे मिठागरं होती, तेव्हाची गोष्ट. खळ्यात खुर्च्या टाकून पँटवाली माणसं आपसात इंग्रजीत बोलली, चहा प्याली, आणि सासऱ्यांचा अंगठा घेऊन गेली. शेत गेलं ते नंतर कळलं. सासरे मरेपर्यंत एकच म्हणत, "माज्यासमोरच बोलत होते गो. माज्यासमोर!" उरलेल्या गावठाणात देवजींनी, म्हणजे सुमित्राबाईंच्या मालकांनी, हे घर बांधलं. आता ते गेले, घर राहिलं.

म्हणून समोरच्या सोसायटीतल्या उज्वलाबाईंना त्यांनी गाठलं. उज्वलाबाई नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवत.

"पाठांतर करू नका," उज्वलाबाई म्हणाल्या होत्या. "शब्द वस्तूला चिकटवा. रोज थोडेच घ्या. कालचे आज आठवा, आजचे चार दिवसांनी परत आठवा. विसरायला लागलं की लगेच उकरून काढायचे."

घरात चिठ्ठ्या लावल्या असत्या तर चोरी उघडी पडली असती. सुमित्राबाई हात लावत. दाराला हात लावायचा, मनात 'ट्यूर' म्हणायचं. भिंतीला 'वांड'. अंगणात उभं राहून घराकडे बघायचं, 'हाउस'. वार कॅलेंडरवर बोट ठेवून शिकल्या. विकणे हा शब्द बाजारातल्या कोळणीच्या पाटीला चिकटवला. ती पापलेट पुढे करी आणि सुमित्राबाई ओठातल्या ओठात 'फरकाउफेन' म्हणत.

"पण सुटा शब्द लंगडा असतो," उज्वलाबाईंनी बजावलं होतं. "वाक्यात धरा. कुणाचं, कुठलं, ते वाक्यातच कळतं."

"मना काय भाषन करायचंय बाई? काय चाललंय तेवढा कलला, बस झाला."

आणि आज कळलं होतं.

जेवणानंतर हितेश आडवा झाला. सुमित्राबाईंनी ओट्यावर फोन ठेवून बहिणीला, पुतळाला, लावला. फोन कानाशी धरून काम होत नसे म्हणून स्पीकर कायम चालू. लेना शेजारी बसून लसूण सोलत होती. फोन लागला की ती नेहमी काहीतरी काम काढून तिथेच येऊन बसे.

"पुतले, घर इकायला निंगालेत गो."

"मी बोललेली ना? नावच लेना. घ्यायलाच आली ती!"

"हलू बोल."

"कशाला हलू? पांढरा उंदीर तो, त्याला काय समजतं?"

सुमित्राबाईंना अशातही हसू आलं. लेनाही हसली.

"उद्या सकाली तुज्या पोराला, कृष्णातला, रिक्षा घेऊन पाठव. रजिस्टरच्या ऑफिसात जाते. घर त्याच्याच नावावर करून टाकते. आपल्या मानसांत तरी राहील."

पलीकडून पुतळाने विचारलं, "आनी हितेश?"

"सासऱ्यांना कुनी सांगितलेला आधी?"

लेनाने लसणाची सालं गोळा केली आणि उठून बाहेर गेली.

सोमवारी हितेश लवकरच रबाळ्याला गेला. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवून, तिच्याकडे बघत जरा जास्तच वेळ उभा राहिला. सुमित्राबाईंनी ती नजर ओळखली. खळ्यात चहा प्यालेल्या पँटवाल्यांची नजर अशीच होती.

त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. घराचे कागद पिशवीत घातले. एकदा सगळीकडून फिरल्या. भिंतीला हात लागला आणि न बोलावता 'वांड' आलं. देवजींनी स्वतः पाणी मारलेली भिंत. हितेश जन्मला ती खोली. 'त्सिमर.' एकदा विचारावं का त्याला? सरळ, मराठीत?

सासऱ्यांनी विचारलं असतं तर कुणी खरं सांगितलं असतं?

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. त्या दाराशी आल्या तर लेना कडीवर हात ठेवून उभी.

"सर गो बाजूला. मना जाऊ दे."

लेना हलली नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. सुमित्राबाईंनी पिशवी छातीशी धरली. तेवढ्यात हातातला फोन वाजला आणि सवयीने त्यांनी स्पीकर लावला.

"निंगालीस का?" पुतळा ओरडली. "कृष्णात कवाचा उभा हाय. ती पांढरी उठली नाय ना अजून?"

लेना फोनजवळ वाकली.

"उठली हाय मी, मावशे," ती म्हणाली. "आनी आमी इकतो तो घर जर्मनीचा हाय, माज्या बापाचा. आज सौदा पक्का झाला की आयेला सांगनार होतो. आमी दोघा आता इथंच रानार, आयेजवल."