मालकाचं नाव

पोशीरच्या बंगल्याची राखण करता करता माझे केस पिकले, पण मालक कधी दिसला नाही. पगार येतो, माणूस येत नाही. गेटवर कुणीही आलं की मी कंटाळून तेच सांगतो, "मालक घरात नायत. काय काम हाय?"

काल पुतणीने मोबाइलवर जागेचा सातबारा काढला. हल्ली तो कुणालाही बघता येतो.

"काका, मालक म्हणून तुमचंच नाव हाय हितं."

मी कुठं अंगठा दिल्याचं मला आठवत नाही.

आज पहिल्यांदाच पायऱ्या चढलो आणि बाहेरून कुलूप असलेलं ते दार वाजवलं.

आतून माझाच आवाज आला, तसाच कंटाळलेला.

"मालक घरात नायत. काय काम हाय?"