वीस पुस्तकांवरचं मत

एम.फिल.च्या संदर्भसूचीत वीस पुस्तकं होती आणि प्रत्येकाखाली चार ओळी स्वतःचं मत लिहायचं होतं. मी वाचलं होतं एकच, पण दोनदा, हातात पेन्सिल घेऊन. सूची उद्या दिली नाही, तर रजिस्ट्रेशन रद्द.

"बाबा, न वाचलेल्या पुस्तकावर मत कसं देतात हो?" सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी रडकुंडीला आले होते.

केंद्र सरकारात तीस वर्षं फायलींवर शेरे मारलेल्या बाबांना हा प्रश्नच बालिश वाटला.

"वासंती, लिही. 'विषयाची मांडणी व्यापक आहे, तथापि काही मुद्द्यांचा अधिक विचार व्हावा.' बिल्कुल कुठेही चालतं. मी याच्यावर अंडर सेक्रेटरी झालो."

दोन चहांत एकोणीस मतं तयार झाली. विसाव्या, वाचलेल्या पुस्तकाच्या मताला मी बाबांना हातसुद्धा लावू दिला नाही. लिहिलं, 'लेखिका तिसऱ्या प्रकरणात जे ठासून सांगते, तेच सातव्यात खोडून काढते. मला तिसरं पटलं. पाचवं कंटाळवाणं आहे.'

आठवड्याने गाईड मॅडमनी सूची तपासून परत दिली. एकोणीस पुस्तकांपुढे एकच शेरा होता, 'सखोल वाचन. उत्तम.'



विसाव्यापुढे लाल पेनाने लिहिलं होतं, 'पुस्तक न वाचता मत देऊ नये.'