कट्ट्यावरची जागा

ओस पडलेल्या दादरच्या रानडे रोडवर रोज संध्याकाळी पन्नास वर्षांपूर्वीची गजबज प्रकाशातून पुन्हा उभी केली जायची: फुलवाल्या, भेळवाले, आणि नाक्यावरच्या कट्ट्यावर चार दोस्त. त्यांतला एक तरुणपणीचा पुंडलिक. गप्पा ऐन रंगात आल्या की ते कार्टं रोज उठून चालू पडायचं. बाकीचे तिघे आता हयात नव्हते. म्हाताऱ्या पुंडलिकला ते रोजचं उठून जाणं बघवेना. शेवटी त्याने तो देखावा चालवणाऱ्यांच्या हातापाया पडून स्वतःचं चित्र पुसून घेतलं आणि त्या जागी जाऊन बसला.

"बस की रे पुंड्या, कसली घाई?" सुऱ्या म्हणाला.

"बसलोय ना. आता उठत नाही," पुंडलिक म्हणाला.

तिघेही हसले. मग त्याच्याकडे पाठ फिरवून रिकाम्या रस्त्याकडे हात हलवत ओरडले, "उद्या तरी थांब रे!"