खेळीमेळीच्या वातावरणात

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. “कायम करायचं ना?” महिला मंडळाची वही मिटतच मी विचारलं. अकरा वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती.

“शेवटचं वाक्य मला मान्य नाही,” कुमुदताई उठून म्हणाल्या. “म्हणे, सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली! हळदीकुंकवाला गाळणी लुटायची की डबे, यावरून मी आणि शैलाने एकमेकींची उणीदुणी काढली. तेव्हापासून अबोला आहे आमचा. भांडण झालं, असं लिहा.”

“दुरुस्तीला अनुमोदक लागेल,” मी नियम सांगितला. सगळ्याजणी पदर सावरू लागल्या.

मागच्या रांगेतून शैलाताईंचा हात वर गेला. “माझं अनुमोदन. पण ‘कडाक्याचं भांडण’ असं लिहा. नुसत्या भांडणाला मी महिनाभर अबोला धरत नाही.”

“हे मात्र खरं हं,” म्हणत कुमुदताईंनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली.

चहा येईपर्यंत दोघी शेजारी बसून पुन्हा गाळणी की डबे यावर आल्या होत्या. आजच्या इतिवृत्ताचं शेवटचं वाक्य लिहायला मी चहा संपायची वाट पाहिली.