गुरुजींची दुसरी आंघोळ

शौनकनं जपानी मुलीशी लग्न केलं, तेव्हा पुणतांब्याच्या नृसिंहगुरुजींनी गोदावरीत उतरून जिवंत मुलाच्या नावानं आंघोळ केली होती. मुलगा आपल्याला मेला, असं सांगून ते मोकळे झाले. आता त्याच मुलानं भंडारदऱ्याच्या डोंगरावर बडं हॉटेल उभारलं होतं आणि त्यात जपानी धाटणीचं गरम पाण्याचं कुंड बांधलं होतं. मुलाकडे जायचंच म्हणून गुरुजींच्या बायकोनं, शोभाबाईंनी जेवण सोडलं, तेव्हा गुरुजी हॉटेल बघायला आले. पण मुलाशी बोलणार नाही, या अटीवर.

शौनक म्हणाला, "अण्णा, आधी बाहेर बसून अंग धुवायचं, मग कुंडात उतरायचं. तिकडे जपानात बापलेक एकत्रच उतरतात."

गुरुजी बायकोकडे वळले. "विचार त्याला, अंग धुतल्यावर परत पाण्यात कशाला?"

"अहो, तो समोर उभा आहे. तुम्हीच विचारा ना."

"मला इथे कुणी दिसत नाही."

शौनक हसला. "आई, त्यांना सांग, आखडलेले गुडघे मोकळे होतात."

दोघं आत गेले. ती पुरुषांची बाजू, त्यामुळे शोभाबाई पडद्याबाहेर बाकावर बसून राहिल्या. आता निरोप पोचवायला मध्ये कोणी नव्हतं. बराच वेळ नुसता पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. शोभाबाईंनी परतीच्या तयारीनं पिशवी उचलली.

तेवढ्यात आतून गुरुजींचा चिडका आवाज आला, "अरे, नुसता बघत काय बसलास? पाठ चोळ की."