तोंडावर

सामना संपला तशी पंचबाई तडक खोलीत आली आणि बुटांच्या नाड्याही न सोडता बाकावर बसली. बाहेर यजमान संघाची माणसं अजून धुसफुसत होती. अगदी शेवटी शेवटी तिनं त्यांच्याविरुद्ध पेनल्टी दिली होती. त्यावर गोल झाला आणि ते घरच्या मैदानावर हरले.

फोन पिशवीत होता. तिनं पिशवीची चेन ओढून घेतली.

मागच्या हंगामात अशाच एका सामन्यानंतर लीगच्या ऑनलाइन कट्ट्यावर तिची सालटी काढली गेली होती. काढणारे कोण, पत्ता नाही. लांडगा, काळं मांजर, बाराचा भाव अशी नावं आणि फोटोच्या जागी नुसती करडी वर्तुळं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते हे कुणीतरी हुडकून काढलं. ‘जगाचे नंबर काढते, हिचा कोण काढणार?’ इथपर्यंत तीही हसली असती. पण मग एकानं तिच्या मुलीची शाळा कुठली आणि मुलगी कुठल्या फाटकातून बाहेर पडते, तेही लिहून टाकलं. त्या दिवशी तिनं शिट्टी लीगच्या कचेरीत परत केली.

त्यानंतर लीगनं नियम केला. वाचायचं त्यानं वाचावं, पण लिहायचं तर खरं नाव आणि खरा चेहरा. निम्मी गर्दी एका आठवड्यात गळाली. शाळेचं लिहिणारा सगळ्यात आधी गळाला. मगच तिनं शिट्टी पुन्हा हातात घेतली होती, आणि आजचा हा पहिलाच सामना.

सासूबाई आत आल्या. काखेत छत्री, हातात फोन. सुनेचा एकही सामना त्या चुकवत नसत. फुटबॉलचा मात्र एकही नियम त्यांना आजवर कळला नव्हता.

“वाचू का?” त्यांनी विचारलं.

“नको, आई.”

“वाचणार तर मी आहेच. मनात वाचू की मोठ्यानं, एवढंच विचारतेय.”

त्या शेजारी टेकल्या आणि फोन नाकाशी नेला. “हे कोण बाई सगळ्यात वर... अगं, हे तर आपले दातांचे डॉक्टर. लिहिलंय, ‘मागच्या वर्षी मी लांडगा या नावानं लिहायचो. ते सगळं परवा पुन्हा वाचायला घेतलं, माझं मलाच वाचवेना. काढून टाकलंय.’” सासूबाई थांबल्या. “हा लांडगा? माझ्या हिरडीत सुई टोचताना स्वतःच डोळे मिटतो की गं हा.”

पंचबाई फोनकडे वाकली. “पुढे?”

“‘आजची पेनल्टी चुकीची होती. चेंडू हाताला लागला, पण हात अंगाला चिकटलेला होता. मी गोलच्या मागेच उभा होतो. पंचांच्या आड एक खेळाडू आला होता, त्यांना ते दिसणं अवघड होतं. व्हिडिओ जोडलाय.’”

“अजून?”

“संपलं. शिवी नाही कुठे. मी नीट शोधली.”

तिनं फोन हातात घेतला आणि व्हिडिओ लावला. चेंडू आला, बचावपटूच्या कोपराला लागला. हात बरगडीशी घट्ट होता, शिवून टाकल्यासारखा.

“बरोबर म्हणतोय का तो?”

“बरोबर म्हणतोय.”



मागच्या वर्षीही एकदा तिचं चुकलं होतं, आणि ते तिला त्याच संध्याकाळी कळलंही होतं. पण त्या करड्या वर्तुळांपुढे ‘चुकलं’ म्हणायचं म्हणजे आपल्या हातानं आपला गळा पुढे करणं. ती मूग गिळून बसली होती. आज समोर डॉक्टरांचा चेहरा होता, थोडा सुजलेला, जरा ओशाळा. तिनं सासूबाईंचा फोन परत दिला, पिशवीतून आपला काढला आणि लिहिलं:

‘डॉक्टर, तुमचं खरं आहे. हात अंगालगत होता. खेळाडू आड आला ही सबब नाही, मी बाजूला सरायला हवं होतं. निकाल आता बदलणार नाही. यजमान संघाची मी माफी मागते.’

अंगठा क्षणभर अडला. मग तिनं पाठवून दिलं, आणि जीव मुठीत धरून बसली.

पहिलं उत्तर आलं ते हरलेल्या संघाच्या गोलरक्षकाचं, फोटोत गालावर चिखल तसाच. ‘मी उजवीकडे उडी मारली असती तर अडला असता. माझंही चुकलं.’ मग एक केस कापणारी बाई. ‘राग आलाय, आणि तो आठवडाभर राहणार. पण माफी पोचली.’ मग एका गृहस्थाचं म्हणणं पडलं की ती पेनल्टीच होती. डॉक्टर त्याच्याशी भिडले. कोपर म्हणजे हात की नाही यावर जुंपली. ‘अहो, तुम्ही पाहिलंत का?’ ‘अहो, पाहिलं म्हणूनच सांगतोय.’ अहो-जाहो करत भांडण चाललं होतं.

त्यातच डॉक्टरांनी विचारलं, ‘पुढच्या रविवारी शिट्टी तुमच्याकडेच ना?’

‘माझ्याकडेच,’ तिनं लिहिलं.

‘बरं झालं. मी गोलच्या मागेच असेन.’

ती हसली. त्या छोट्या खोलीत ते हसू चांगलंच मोठं वाजलं. मग ती वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

“हा बेकरीवाला बघ,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणतो, बाईंना पळायला दम पुरत नाही.”

“म्हणू दे की.”

“का म्हणू दे?” त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला, छत्री बाकाखाली सरकवली, कपाळावरचे केस मागे सारले आणि ताठ बसल्या. “माझा एक फोटो काढ.”

“कशाला?”

“त्याच्याशी भांडायचंय. नीट काढ, सगळं तोंड आलं पाहिजे.”