आजऱ्याच्या काजूची साइट

साइट उघडेपर्यंत चहा निवतोय, असं गणपतराव वेबसाइट बनवणाऱ्या तोहिदच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून सांगत होते. आजऱ्यातल्या त्यांच्या काजू कारखान्याची ही वेबसाइट सून संयोगितानं हट्टानं करून घेतली होती. ऑर्डरी येत नव्हत्या. दिवाळीपर्यंत वाट बघायची, नाहीतर साइट बंद, असं घरात ठरलं होतं. संयोगिताही सोबत आली होती. उठताना तिनं तोहिदकडं असं बघितलं, की त्यानं त्याच दुपारी काम हातात घेतलं.

साइटच्या सगळ्या फाइली त्यानं दाबून लहान केल्या आणि क्लाउडवर पुन्हा चढवल्या. आपल्या लॅपटॉपवर पान उघडून बघितलं. क्षणात उघडलं.

आठवड्याभरात संयोगिताचा फोन आला. कारखान्यातला फोन सारखा वाजत होता. तिच्या सासूबाई अंबूबाई दिवसभर फोनपाशीच होत्या. खिरीला पाकळी चालते, पावण्यांपुढं ठेवायला अख्खा घ्या, भाजलेला पोरांना आवडतो, असं एकेका गिऱ्हाइकाला समजावत होत्या. माल कमी पडायला लागला होता.

मग गणपतराव स्वतः काजूची पिशवी घेऊन आले.

"आता त्या साइटला हात लावू नका," ते म्हणाले. "आणि आमच्या भावाच्या साइटचं बी असंच करा."

तोहिदला मात्र कोडं पडलं. नुसत्या वेगानं एवढा फरक पडत नाही. त्यानं साइटवर येणाऱ्यांच्या नोंदी बघितल्या. लोक येत होते, पण पहिल्या पानाच्या पुढं कुणीच जात नव्हतं. म्हणजे पहिलं पान बघूनच फोन लावतात, असा त्यानं अर्थ काढला. त्या पानावरचं नेमकं काय आवडतंय, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडेना.

संयोगितानं त्याला इचलकरंजीच्या खैरुनबींचा नंबर दिला. घरच्या लग्नासाठी त्यांनी बराच माल नेला होता. साइटवरचं काय बघून फोन केला, असं त्यानं विचारलं.

"साइट कुठली उघडतीया, पावणं," त्या म्हणाल्या. "अक्षरांच्या जागी नुसती किडामुंगी दिसली. नंबर गुगलच्या नकाशावर हुता, म्हणून फोन लावला. त्या मावशी लई चांगलं बोलल्या."

तोहिदनं लॅपटॉपमध्ये साठून राहिलेलं जुनं पान पुसलं आणि साइट नव्यानं उघडली. दाबलेल्या फाइली उलगडून दाखवायची सूचना चढवताना द्यायची राहूनच गेली होती. वरपासून खालपर्यंत एकही शब्द वाचता येत नव्हता.